इझूच्या किनाऱ्यावर दोघांची निवांत सुट्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला जाणारी बरीच मराठी जोडपी टोकियो-क्योतो-ओसाका झाल्यावर "आता दोन दिवस समुद्राकाठी काहीच न करता राहायचंय, कुठे जाऊ?" असं विचारतात. टोकियोच्या नैऋत्येला शिझुओका प्रांतात असलेला इझू द्वीपकल्प हे त्याचं आमचं उत्तर. त्यावर पुढे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. इझूच का? ओकिनावा का नाही?

ओकिनावा या दक्षिणेकडच्या बेटांचं पाणी जास्त निळं आहे, हे खरं. पण तिथे जायला वेगळं विमान लागतं, आणि गरम पाण्याचे झरे ही तिथली खासियत नाही. इझूत समुद्र आणि ओनसेन, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याची स्नानं, एकाच ठिकाणी मिळतात, तेही टोकियोहून तासाभरात. हा सगळा भाग ज्वालामुखीतून घडलेला आहे. फिलिपिन्स समुद्राच्या भूपट्टावरून सरकत आलेला हा तुकडा जपानच्या होन्शू या मुख्य बेटाला येऊन धडकला. म्हणूनच इथे काळ्या लाव्हाचे कडे, गरम झरे आणि एकदम खोल होत जाणारा समुद्र दिसतो. 2018 मध्ये युनेस्कोने इझूला ग्लोबल जिओपार्कचा दर्जा दिला.

2. पूर्व किनारा घ्यावा की पश्चिम?

पूर्वेला सूर्य समुद्रातून उगवतो, पश्चिमेला समुद्रात बुडतो. पूर्व किनाऱ्यावर आतामी, इतो, इनातोरी, कावाझु आणि शिमोदा अशी गावं रेल्वेने जोडलेली आहेत. पश्चिमेला तोइ, दोगाशिमा आणि मात्सुझाकी आहेत. तिथे रेल्वे नाही. मिशिमाहून शुझेंजीपर्यंत छोटी गाडी आणि पुढे घाटातून बस असा प्रवास करावा लागतो. हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरून सुरुगा उपसागरापलीकडे फुजी पर्वत दिसतो, आणि गर्दीही कमी असते.

पहिल्यांदाच जाणार असाल, दोनच रात्री असतील आणि गाडी चालवायची नसेल तर पूर्व किनारा घ्या. पश्चिम किनारा तीन रात्री असल्या किंवा गाडी भाड्याने घेतली तरच परवडतो. नाहीतर सुट्टीचा अर्धा वेळ बसथांब्यावर जातो.

3. पूर्व किनाऱ्यावर नेमकं राहायचं कुठे?

आतामी सगळ्यात जवळ. डोंगर थेट समुद्रात उतरतो, त्यामुळे बहुतेक खोल्यांतून उपसागर दिसतो. हे गाव गजबजलेलं आहे. इथली समुद्रावरची आतषबाजी 1952 पासून चालू आहे आणि वर्षातून बऱ्याच रात्री होते. तारीख जुळली तर खोलीतूनच बघता येते. इतो त्याहून शांत आहे. नदीकाठी 1928 मध्ये बांधलेली तोकाइकान ही जुनी लाकडी सराई आता संग्रहालय म्हणून पाहता येते. इझू-कोगेन झाडीत आहे. छोट्या, मोजक्या खोल्यांच्या जागा इथे जास्त मिळतात, मात्र समुद्र खिडकीत असेलच असं नाही. शिमोदा दक्षिण टोकाला आहे. वाळूचे खरे किनारे तिथेच, पण पोचायला वेळ लागतो.

आमचं मत विचाराल तर नुसता आराम हवा असेल तेव्हा इतो ते इनातोरी हा पट्टा घ्या. पोहायचं असेल तर शिमोदा. आतामी एका रात्रीसाठी उत्तम.

4. किती रात्री ठेवाव्यात?

दोन, आणि त्याही एकाच ठिकाणी. र्‍योकानमध्ये, म्हणजे जपानी पारंपरिक सराईत (प्रश्न 10 पाहा), दुपारी 3 नंतर खोली मिळते आणि सकाळी 10 किंवा 11 ला सोडावी लागते. एकच रात्र घेतलीत तर हातात जेमतेम 19-20 तास येतात, त्यातले आठ झोपेत जातात. दुसरी रात्र घेतली की मधला अख्खा दिवस तुमचा होतो, आणि सुट्टीचा खरा गाभा तोच. रोज गाव बदलण्याची हौस इथे नको.

5. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते मार्च. थंडी असते, पण बोचरी नाही. आतामीत जानेवारीतही दुपारी तापमान 10 अंशांच्या आसपास असतं. हवा स्वच्छ असते आणि गार वाऱ्यात गरम पाण्यात बसण्याची मजा तेव्हाच येते. फेब्रुवारी ते मार्चच्या सुरुवातीला कावाझुत लवकर फुलणारा गर्द गुलाबी साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, असतो. त्या दिवसांत गाड्या भरून वाहतात आणि खोल्या महाग होतात, म्हणून तीन-चार महिने आधी बुकिंग करा.

जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळं येतात (प्रश्न 20 पाहा). 29 एप्रिल ते 5 मेचा सुट्ट्यांचा आठवडा, 13 ते 16 ऑगस्टच्या आसपासचा ओबोन हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण आणि नववर्षाचे दिवस टाळा. एरवीही शनिवारची रात्र सोडून रविवार ते गुरुवार राहिलात तर त्याच खोलीचे पैसे बरेच कमी पडतात.

6. भारतीय पासपोर्टवर व्हिसा कसा मिळतो?

व्हिसा आधीच काढावा लागतो. भारतात राहणाऱ्यांना एप्रिल 2024 पासून पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. अर्ज व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून जातो. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा : विमानतळावर व्हिसाची सूचना फोनवर, इंटरनेट चालू असताना, प्रत्यक्ष पानावर दाखवावी लागते. छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. त्यामुळे ई-सिम किंवा रोमिंग निघण्याआधीच सुरू करून ठेवा. दोघांचे फोन वेगवेगळे असतील तर दोन्हींवर.

7. टोकियोहून कसं जायचं?

*शिनकानसेन (बुलेट ट्रेन) :* टोकियो किंवा शिनागावाहून 'कोदामा' गाडीने आतामीला 45 ते 50 मिनिटांत पोचता. काही 'हिकारी' गाड्याही थांबतात. 'नोझोमी' मात्र आतामीला थांबत नाही. तिच्यात बसलात तर शिन-योकोहामानंतर थेट नागोयालाच उतरता येईल. आतामीला जेआर (जपान रेल्वे) इतो मार्गावर गाडी बदला, इतो तिथून सुमारे 25 मिनिटांवर आहे.

*ओदोरिको एक्सप्रेस :* टोकियोहून थेट शिमोदापर्यंत, सुमारे पावणेतीन तास. सगळ्या जागा आरक्षित. यातल्या काही गाड्या आतामीला दुभागतात : 1 ते 9 क्रमांकाचे डबे शिमोदाला आणि 10 ते 14 शुझेंजीला जातात. आरक्षण योग्य डब्याचंच मिळतं, पण रिकामी जागा दिसली म्हणून मागच्या डब्यात जाऊन बसलेल्यांची फसगत होते. खोलीइतकाच प्रवासही खास हवा असेल तर मार्च 2020 पासून धावणारी 'साफिर ओदोरिको' आहे. ती पूर्ण ग्रीन क्लासची, म्हणजे पहिल्या वर्गाची, म्हणून महाग.

*साधी लोकल :* आतामीपर्यंत पावणेदोन ते दोन तास, भाडं सुमारे 2,000 येन.

टोकियोहून जाताना समुद्र डाव्या हाताला असतो, त्यामुळे डावीकडची खिडकी मागा. इतोच्या पुढे इझूक्यू रेल्वेच्या 'किनमे' आणि 'कुरोफुने' या गाड्यांत काही बाकं थेट समुद्राकडे तोंड करून लावलेली आहेत. त्यांना साध्याच भाड्यात बसता येतं. वेळापत्रक जुळवण्याचा त्रास घेण्यासारखा आहे.

8. जेआर पास आणि सुइका कार्ड चालतं का?

देशभराचा जेआर पास इतोपर्यंत चालतो. इतो ते शिमोदा ही इझूक्यूची खासगी रेल्वे असल्यामुळे तिथलं भाडं वेगळं भरावं लागतं. पण 7 दिवसांचा पास ऑक्टोबर 2023 पासून 50,000 येनला आहे. केवळ इझूसाठी तो घेऊ नका. 'टोकियो वाइड पास' तीन दिवसांचा असतो आणि तो शिमोदापर्यंत इझूक्यूवरही चालतो, मात्र त्यात तोकाइदो शिनकानसेन (प्रश्न 7 मधली आतामीची बुलेट ट्रेन) येत नाही. म्हणजे तो घेतलात तर ओदोरिकोनेच जा.

सुइका, म्हणजे आधी पैसे भरून फाटकावर टेकवायचं कार्ड, लोकलला आणि इझूक्यूलाही चालतं. ते कुठे अडतं? टोकियोकडे कार्ड टेकवून आत शिरलात आणि आतामी ओलांडून मिशिमा-नुमाझूकडे उतरलात, तर फाटक उघडत नाही. आतामीच्या पुढे दुसऱ्या कंपनीचा विभाग सुरू होतो. पश्चिम किनाऱ्याला जाणाऱ्यांनी मिशिमापर्यंतचं कागदी तिकीटच काढावं.

9. गाडी भाड्याने घ्यावी का?

पश्चिम किनाऱ्यासाठी हो. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्यापूर्वी काढा, आणि मूळ भारतीय परवानाही सोबत ठेवा. तिथे पोचल्यावर परवाना मिळत नाही. पूर्वेकडचा 135 क्रमांकाचा किनारी रस्ता शनिवार-रविवारी तुंबतो, त्या बाजूला रेल्वेच बरी. दारू पिऊन चालवण्याबाबत कायदा अतिशय कडक आहे, सोबत बसलेल्यालाही शिक्षा होऊ शकते.

10. र्‍योकान म्हणजे काय आणि खर्च किती येतो?

र्‍योकान म्हणजे तातामी चटयांची खोली, आवारात ओनसेन आणि बहुतेक वेळा दोन्ही वेळचं जेवण. दर खोलीचा नसून माणशी लिहिलेला असतो. बुकिंग करताना सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. 'इप्पाकु निशोकु' म्हणजे एक रात्र, रात्रीचं जेवण आणि न्याहारी. 'सुदोमारी' म्हणजे फक्त राहणं.

चांगल्या मध्यम दर्जाच्या जागी आठवड्याच्या मधल्या दिवशी माणशी 20,000 ते 40,000 येन लागतात, म्हणजे दोघांचे रात्रीचे 40,000 ते 80,000 येन. हिशेबाला 1 येनचे 60 पैसे धरले तर हे 24,000 ते 48,000 रुपये होतात. खोलीतच उघडं ओनसेन हवं असेल तर याहून जास्त. टोकियो ते इतो दोघांचा येण्याजाण्याचा खर्च लोकलने 9,000 ते 10,000 येन, शिनकानसेनने त्याच्या साधारण दुप्पट. याशिवाय माणशी दिवसाला साधारण 150 येन स्नानकर लागतो, आणि आतामीत एप्रिल 2025 पासून माणशी रात्रीला 200 येन निवासकरही आहे.

दर जास्त वाटतो, पण त्यात दोन भरपेट जेवणं आणि हवं तितकं स्नान येतं. पैसे वाचवायचेच असतील तर एक रात्र दोन्ही जेवणांसह आणि दुसरी फक्त न्याहारीसह घ्या. सलग दोन रात्री तेच दहा-बारा पदार्थांचं ताट पोटाला जडही होतं. टिप द्यायची नसते.

11. ओनसेनमध्ये आम्हाला दोघांना एकत्र बसता येईल का?

सार्वजनिक स्नानगृहात नाही. पुरुष आणि स्त्रिया वेगळे असतात. दारावरचा पडदा निळा असेल तर पुरुषांचा, लाल असेल तर स्त्रियांचा. बऱ्याच ठिकाणी रात्री किंवा पहाटे दोन्ही बाजू अदलाबदल करतात, म्हणजे पाहुण्यांना दोन्हींकडचा देखावा मिळतो. त्यामुळे काल ज्या दारातून गेलात त्यात आज न बघता शिरू नका.

एकत्र बसायचं असेल तर दोन मार्ग आहेत. 'काशिकिरी-बुरो' हे तासाभरासाठी राखून ठेवायचं खासगी स्नानगृह असतं. साधारण 45-50 मिनिटं मिळतात. काही ठिकाणी ते फुकट असतं, काही ठिकाणी 2,000 ते 4,000 येन पडतात. आल्या आल्या स्वागतकक्षात वेळ नोंदवा, सूर्यास्ताच्या आणि जेवणाआधीच्या वेळा लगेच जातात. दुसरा मार्ग 'रोतेनबुरो-त्सुकी क्याकुशित्सु', म्हणजे स्वतःच्या सज्जात उघडं स्नानकुंड असलेली खोली. खास प्रसंगासाठी एक रात्र तरी ही खोली घ्यावी. पहाटे पाण्यात बसून समोर सूर्योदय बघण्यासाठी घड्याळ बघावं लागत नाही. बुकिंग करताना कुंडात 'गेनसेन काकेनागाशी' आहे का ते पाहा. त्याचा अर्थ झऱ्याचं पाणी वाहतं आहे, फिरवून परत सोडलेलं नाही. काही सज्जांत नुसतं नळाचं गरम पाणी असतं, आणि वर्णनात ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

12. सार्वजनिक स्नानगृहात नेमकं काय करायचं? संकोच वाटतो.

संकोच पहिल्या पाच मिनिटांपुरता असतो, कारण तिथे कोणी कोणाकडे बघत नाही. क्रम असा :

बाहेर चपला काढा, आतल्या टोपलीत सगळे कपडे ठेवा. पोहण्याचा पोशाख चालत नाही. हातात फक्त छोटा टॉवेल घ्या, मोठा कपड्यांजवळ राहू द्या. आत छोट्या स्टुलांची रांग दिसेल. स्टुलावर बसून साबण लावा, उभं राहून नाही, शेजाऱ्यावर पाणी उडतं. आपल्याकडे केसांना खोबरेल तेल असतं, ते शाम्पूने पूर्ण काढा. तेलाचा थर पाण्यावर तरंगलेला लगेच दिसतो. फेसाचा कणही अंगावर राहू देऊ नका, स्टूल आणि बादली धुऊन ठेवा. मग कुंडातलं पाणी आधी पायांवर, मग खांद्यांवर घ्या आणि हळूच उतरा. लांब केस वर बांधा. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर किंवा काठावर ठेवा.

पाणी साधारण 40 ते 42 अंशांचं असतं. पहिल्या वेळी पाच मिनिटं पुरेत. बाहेर या, थंड व्हा, पाणी प्या, परत जा. अशा दोन-तीन फेऱ्या करा. इझूच्या किनाऱ्यावरचे पुष्कळ झरे खारे आहेत. मिठाचा पातळ थर त्वचेवर बसून उष्णता अडवतो, त्यामुळे बाहेर आल्यावरही घाम येत राहतो. आपण सहन करू असं वाटून वीस मिनिटं बसणारे उठताना चक्कर येऊन पडतात. नुकतीच दाढी किंवा वॅक्सिंग केलं असेल तर खारं पाणी झोंबतं, एक दिवस आधी करा. बाहेर येण्याआधी छोट्या टॉवेलने अंग पुसा, कपडे बदलण्याची जागा ओली करायची नसते.

13. मंगळसूत्र, जोडवी, मेंदी, टॅटू यांचं काय?

दागिने खोलीतल्या तिजोरीत ठेवा. सोन्याला खाऱ्या पाण्याने काही होत नाही, पण धातू तापतो, साखळी निसटते आणि वाहत्या कुंडात सापडत नाही. गंधक असलेल्या पाण्यात चांदी काळी पडते, म्हणून जोडवी आणि पैंजणही काढा.

टॅटूला अनेक र्‍योकानांत अजूनही मनाई आहे. लहान असेल तर त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी चालते, पण आधी विचारा. नव्या नवरीच्या हातावरची मेंदीही टॅटू समजली जाऊ शकते. आल्या आल्या "हेना देसु, किएमासु" (मेंदी आहे, निघून जाते) एवढं सांगितलं की पुरे. दोन्ही बाबतींत हमखास उपाय म्हणजे खासगी कुंड, प्रश्न 11 पाहा.

14. रक्तदाब, मासिक पाळी, गरोदरपण असेल तर?

पाळीच्या दिवसांत सामाईक कुंडात उतरत नाहीत. आतामीत आणि इतर गावांत 'आशियु', म्हणजे फक्त पाय बुडवून बसायच्या जागा असतात, त्या वापरा. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने 2014 मध्ये ओनसेनच्या निषिद्ध यादीतून गरोदरपण वगळलं. तरी आपल्या डॉक्टरांना विचारूनच जा, आणि ओल्या दगडांवर जपून चाला. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर हिवाळ्यात थंड खोलीतून एकदम गरम पाण्यात उतरणं धोक्याचं. आधी पायांवर पाणी घ्या, छातीपर्यंतच बसा. साके किंवा बिअर घेतल्यावर स्नान नको. स्नान आधी, जेवण आणि पेय नंतर.

15. युकाता कसा घालायचा?

युकाता म्हणजे सुती जपानी झगा, तो खोलीत घडी करून ठेवलेला असतो. तो घालूनच जेवायला आणि स्नानाला जायचं, आतामीच्या रस्त्यावरही लोक तसेच फिरतात. उजवी बाजू आधी अंगाला लावा, डावी तिच्यावर आणा. उलटं करू नका, मृतदेहाला तसं नेसवतात. पट्टा पुरुषांनी कमरेखाली, स्त्रियांनी कमरेवर बांधायचा. थंडीत वरून 'हाओरी' किंवा 'तांझेन' मिळतो. बाही बोटांपर्यंत किंवा घेर जमिनीवर येत असेल तर माप बदलून मागा. तातामीवर सपाता घालायच्या नाहीत, आणि शौचालयाच्या सपाता शौचालयातच राहतात.

16. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण तयारी लागेल. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तरही लांब आहे.

अडचण मासळीच्या तुकड्यांची नाही, ते दिसतात. अडचण 'दाशी'ची आहे. हा बोनितो मासा सुकवून, किसून केलेला काढा असतो आणि तो मिसो सूपमध्ये, भाज्या शिजवताना, नूडल्सच्या रश्शात, तेम्पुराच्या चटणीत, आंबट काकडीतही असतो. "मासे खात नाही" एवढंच सांगितलंत तर मासळीचा तुकडा काढतील, रस तोच राहील. म्हणून बुकिंगच्या वेळीच लिहा : मांस नाही, मासे-कालवं नाहीत, अंडं नाही (खात नसाल तर), आणि कात्सुओ-दाशी नाही, कोंबु म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी चालेल. तोंडी वाक्य : "निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देसु. कोंबु-दाशी वा दाइजोबु देसु." पोचण्याआधी तीन-चार दिवस पुन्हा खात्री करा. ऐनवेळी सांगितलं तर स्वयंपाकघर काही करू शकत नाही, कारण सामान माणशी मोजून आणलेलं असतं.

र्‍योकान 'नाही' म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नका, ते प्रामाणिक उत्तर आहे. मग 'सुदोमारी' घ्या आणि जेवण बाहेर करा. कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये मिठाचा ओनिगिरी (भाताचा गोळा), सोललेल्या एदामामे शेंगा, थंड तोफू, दही, फळं मिळतात. उमे, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेला ओनिगिरी निर्धोक वाटतो, पण त्या फळात कधी बोनितोचा अर्क घातलेला असतो. इनारी-झुशी, म्हणजे तळलेल्या तोफूत भरलेला भात, त्याचं आवरणही दाशीत शिजतं. भारतातून पाकीटबंद पोहे-उपमा, मेतकूट, भाजणी, लोणचं न्यायला हरकत नाही. मांस किंवा त्याचे पदार्थ, तसंच ताजी फळं-भाज्या प्रमाणपत्राशिवाय नेऊ नका. कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही त्यातच येतात. खोलीत किटली असते, चूल नसते, हे धरूनच पाकिटं निवडा.

जैन असाल आणि कांदा-लसूणही नको असेल तर 'शोजिन र्‍योरी' हे बौद्ध मठांचं जेवण मागा. त्यात तेही वर्ज्य असतात, पण कंदमुळं असतात.

17. मासे खाणाऱ्यांनी काय चाखावं?

'किनमेदाइ' हा लाल, मोठ्या डोळ्यांचा खोल पाण्यातला मासा. इनातोरी आणि शिमोदा त्यासाठी प्रसिद्ध. सोया, साखर, साके यांत शिजवलेला 'नित्सुके' मागा. गोडसर, दाट रस भातावर घ्या. 'इसे-एबी' म्हणजे काटेरी लॉबस्टर, शिझुओकात साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत पकडतात. उन्हाळ्यात मिळालाच तर साठवणीतला असतो. 'आजी' नावाच्या माशाचं 'हिमोनो' हा आपल्या कोकणातल्या वाळवलेल्या मासळीचा मऊ भाऊ. मासा चिरून, मिठाच्या पाण्यात बुडवून थोडाच वेळ वाळवतात, त्यामुळे आत ओलावा राहतो. न्याहारीला निखाऱ्यावर भाजून देतात. सुकटीसारखा महिनोन्महिने टिकत नाही, म्हणून घरी न्यायला घेऊ नका. इझूचा वासाबी खरा, ताजा किसलेला असतो, नेहमीच्या नळीतल्यापेक्षा गोडसर आणि कमी झोंबणारा.

18. मधल्या दिवशी काय करावं?

एकच गोष्ट, तीही सकाळी. इझू-कोगेनजवळचा ओमुरो डोंगर 580 मीटर उंचीचा, गवताने झाकलेला, उलट्या वाटीसारखा गोल आहे. चढायला पायवाट बंद, फक्त खुर्चीच्या लिफ्टने जातात. वर विवराभोवती सुमारे एक किलोमीटरची फेरी आहे. जवळपास 4,000 वर्षांपूर्वी याच्या लाव्हाने जोगासाकीचा किनारा घडला. तिथे कड्यांवरून पायवाट आहे, आणि कादोवाकीचा झुलता पूल 48 मीटर लांब, समुद्रापासून 23 मीटर वर. दोन्ही मिळून अर्धा दिवस लागतो. शिमोदात असाल तर बंदराकडच्या जुन्या गल्ल्यांतून फिरा. 1854 मध्ये अमेरिकी नौदलाचा अधिकारी पेरी याची काळी जहाजं इथेच आली होती. पश्चिमेला दोगाशिमाची छत उघडलेल्या गुहेतली बोट फार सुंदर, पण लाटा असल्या तर सुटत नाही. सावादा पार्कचं कड्यावरचं उघडं ओनसेन अगदी छोटं आहे, सूर्यास्ताला रांग लागते.

दुपारी 3 पर्यंत परत या. स्नान, डुलकी, पुन्हा स्नान, जेवण. यासाठीच आला आहात.

19. समुद्रात पोहता येतं का?

शिमोदाच्या शिराहामा आणि आजूबाजूच्या किनाऱ्यांवर. जीवरक्षक फक्त जुलैच्या मध्यानंतर ऑगस्टअखेरपर्यंत असतात, एरवी पोहू नका. ओबोननंतर जेलीफिश वाढतात. आतामीचा सन बीच माणसाने केलेला, उथळ आहे.

20. वादळ आलं, गाडी बंद झाली किंवा उशीर झाला तर?

इतो आणि इझूक्यू मार्ग समुद्रालगत असल्यामुळे जोराचा वारा-पाऊस आला की थांबवतात. निर्णय बहुधा आदल्या दिवशी जाहीर होतो. गाड्याच बंद असतील तर बरीच र्‍योकानं शुल्क माफ करतात, पण तो त्यांचा निर्णय असतो, म्हणून लगेच फोन करा. एरवी रद्द केल्यास साधारण आठवडाभर आधी 20-30 टक्के, आदल्या दिवशी 50 टक्के आणि त्याच दिवशी 80 ते 100 टक्के कापतात. नियम बुकिंगवरच वाचा.

नुसता उशीर होत असेल तरी कळवा. रात्रीचं जेवण 6 ते 7 च्या दरम्यान सुरू होतं आणि 6 नंतर आलात तर ते बुडू शकतं. त्याचे पैसे परत मिळत नाहीत.

21. गुडघे दुखतात. जमिनीवर बसणं-झोपणं जमेल का?

'वायोशित्सु' म्हणजे तातामी आणि पलंग दोन्ही असलेली खोली घ्या. जेवणासाठी टेबल-खुर्ची आधी मागा. फुतोन गादी पातळ वाटली तर दुसरी जादा मागता येते. मोठ्या बॅगा टोकियोच्या हॉटेलातून 'ताक्युबिन'ने थेट पुढच्या मुक्कामाला पाठवा आणि दोन दिवसांचे कपडे पाठीवर घ्या. बॅगेची चाकं तातामीवर फिरवायची नसतात.

22. लग्न झालेलं नाही, किंवा आम्ही दोघे पुरुष / दोघी स्त्रिया आहोत. खोली देतील का?

देतात. लग्नाचा दाखला कोणी मागत नाही. परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टची प्रत मात्र घेतात. लैंगिक कलाच्या कारणावरून खोली नाकारू नये, असं सरकारी मार्गदर्शक सूचनांत 2018 पासून स्पष्ट लिहिलेलं आहे. दोघे पुरुष असाल तर एकाच कुंडात बसता येतं, दोघी स्त्रियांनाही तसंच. सार्वजनिक ठिकाणी मिठ्या मारणं तिथे कोणीच करत नाही, ते सगळ्यांनाच लागू.

23. भूकंप किंवा त्सुनामी आली तर?

खोलीच्या दारामागे बाहेर पडण्याचा नकाशा असतो, तो आल्या आल्या बघा. रस्त्यावरच्या निळ्या-हिरव्या फलकांवर समुद्रसपाटीपासूनची उंची आणि उंच जागेचा बाण दिलेला असतो. 1923 च्या कांतो भूकंपानंतर आतामी आणि इतोवर त्सुनामी आली होती, आणि लाटा काही मिनिटांतच पोचल्या. म्हणून जोराचा किंवा लांबलेला धक्का बसला तर इशाऱ्याची वाट न बघता चालत वर निघा, गाडी घेऊ नका. किनाऱ्यावर लाल-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा फडकवला तर तो त्सुनामीचा इशारा, पाण्यातून तत्काळ बाहेर या. 'सेफ्टी टिप्स' हे ॲप इंग्रजीत सूचना देतं, निघण्याआधी घालून ठेवा. ऑगस्ट 2024 मध्ये जपानच्या दक्षिणेकडच्या समुद्रातल्या, मोठ्या भूकंपाची भीती असलेल्या नानकाइ खंदकाबाबत आठवडाभर विशेष सावधगिरीची सूचना होती, तेव्हा काही गाड्या हळू चालवल्या गेल्या. अशी सूचना लागू असेल तर समुद्राला लागून असलेल्या तळमजल्याऐवजी उतारावरची जागा घ्या, आणि झोपताना पासपोर्ट, औषधं, बूट एका पिशवीत दाराशी ठेवा.